पहिल्याच दिवशी नाव : लहान उद्योग, कामगाराचे आरोग्य आणि कायदा

१८८४ च्या सप्टेंबरात मुंबईत गिरणी कामगारांच्या मोठ्या सभा झाल्या. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने कामगारांचे एक निवेदन तयार झाले आणि साडेपाच हजार कामगारांनी त्यावर सह्या केल्या. त्यातली रविवारच्या सुटीची मागणी सर्वांना ठाऊक आहे, कारण ती १८९० साली पदरात पडली. दुपारची अर्धा तास विश्रांती, कामाच्या ठरावीक वेळा, पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत पगार, याही मागण्या अधूनमधून सांगितल्या जातात. पाचव्या मागणीची आठवण मात्र क्वचितच निघते. कामावर जखमी झालेल्या कामगाराला बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा आणि जो कायमचा अपंग होईल त्याच्या पोटापाण्याची सोय व्हावी, अशी ती मागणी होती.

श्रोतेहो, आजचे व्याख्यान या पाचव्या मागणीविषयी आहे.

गिरण्या गेल्या, भोंगे थांबले. महाराष्ट्रातला कारखानदारीचा मोठा हिस्सा आता लहान शेडमध्ये चालतो. भोसरी आणि चाकणची प्रेस शॉप्स, नाशिकचे सातपूर आणि अंबड, छत्रपती संभाजीनगरची वाळूज वसाहत, कोल्हापूरजवळच्या शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्या, इचलकरंजीचे यंत्रमाग, ठाण्याचे वागळे इस्टेट. कुठे आठ माणसे, कुठे बारा, कुठे पंचवीस. मालक स्वतः ऑर्डर आणतो, स्वतः बँकेत जातो, वेळ पडली तर मशिनवरही उभा राहतो. त्याच्याकडे एचआर विभाग नसतो. महिन्यातून एकदा येणारा लेबर कन्सल्टंट आणि टेबलाच्या खणातली एक फाइल, एवढेच त्याचे ‘कम्प्लायन्स’. लोखंडे यांची पाचवी मागणी पुरी होते की नाही, याचा निकाल आज या खणातल्या फाइलीत लागतो.

ही मागणी कायद्यात उतरायला फार वेळ लागला. १९२३ साली कामगार नुकसानभरपाईचा कायदा आला. अपघाताची भरपाई मालकाने द्यावी, हे त्यात मान्य झाले, पण ती मिळवायची तर कामगाराने मालकाविरुद्ध उभे राहायचे. हात गमावलेल्या माणसाने वकील शोधायचा आणि तारखा घ्यायच्या. मालक बुडीत निघाला तर हातात हुकूम राहायचा, पैसे नाही. साध्या आजारपणाचा तर त्यात विचारच नव्हता.

मार्च १९४३ मध्ये सरकारने प्रा. बी. पी. आडारकर यांच्याकडे औद्योगिक कामगारांसाठी आरोग्य विम्याची योजना आखण्याचे काम सोपवले. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात तेव्हा मजूर खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होते. आडारकरांनी १५ ऑगस्ट १९४४ रोजी अहवाल दिला. त्याच्या पायावर १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा उभा राहिला, आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर आणि दिल्ली या दोन केंद्रांवर पंडित नेहरूंच्या हस्ते योजना सुरू झाली. पहिल्या टप्प्यात सुमारे १ लाख २० हजार कामगार होते. १९५४ साली ती नागपूर आणि मुंबईत आली. मुंबईच्या कामगारांनी मागितलेली गोष्ट त्यांच्या दारात यायला सत्तर वर्षे लागली होती.

योजनेचे सूत्र सरळ आहे. वर्गणी पगाराच्या प्रमाणात भरायची, आणि उपचार गरजेच्या प्रमाणात घ्यायचे. भरपाई मालकाच्या खिशातून येत नाही, सगळ्यांच्या वर्गणीतून उभ्या राहिलेल्या निधीतून येते. त्यामुळे कामगाराला मालकाशी भांडावे लागत नाही आणि एका अपघाताने मालकही बसत नाही. ज्याला सगळे ‘ईएसआय’ म्हणतात ती हीच योजना. आज तिचे विमाधारक साडेतीन कोटींहून अधिक आहेत. कुटुंबीय धरले तर आकडा तेरा कोटींच्या पुढे जातो.

आता पैशाचे बोलू, कारण लहान मालकाची पहिली हरकत तिथेच असते. १ जुलै २०१९ पासून वर्गणीचा एकूण दर साडेसहा टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर आला. त्यात मालकाचा वाटा सव्वातीन टक्के आणि कामगाराचा पाऊण टक्का. १८,००० रुपये पगाराच्या माणसामागे मालकाला ५८५ रुपये पडतात आणि कामगाराच्या पगारातून १३५ रुपये कापले जातात. अशी बारा माणसे असली तर मालकाचा महिन्याचा वाटा ७,०२० रुपये. एवढ्यात कामगार, त्याची बायको, मुले आणि अवलंबून असलेले आईवडील यांचे औषधपाणी येते, कामगाराच्या आजारपणातला पगार येतो, बाळंतपण येते, अपघात येतो आणि त्यात मृत्यू आला तर वारसांचे निवृत्तिवेतनही येते. बाजारातली ग्रुप मेडिक्लेम पॉलिसी रुग्णालयाचे बिल देते. बुडालेला पगार ती देत नाही, बोट तुटलेल्या माणसाला जन्मभर महिन्याच्या महिन्याला पैसेही देत नाही.

हे इतके स्वस्त असूनही नावे का लपवली जातात? कारण पुष्कळ मालकांना ईएसआय हा कामगाराला दिलेला जादाचा फायदा वाटतो. त्यात स्वतःचे संरक्षण आहे, हे त्यांना कोणी समजावून सांगितलेलेच नसते.

प्रेस शॉपमध्ये हे सगळ्यांत स्पष्ट दिसते. पॉवर प्रेसवर पत्रा डायखाली सरकवायचा, बटण दाबायचे, रॅम खाली येतो, तुकडा बाहेर. दोन्ही हातांनी एकाच वेळी दोन बटणे दाबल्याशिवाय रॅम हलू नये, अशी सोय चांगल्या प्रेसवर असते, म्हणजे हात डायखाली असूच शकत नाही. पण नगावर मजुरी असली की एक बटण चिकटपट्टीने दाबून ठेवले जाते. एक हात मोकळा होतो, नग वाढतात आणि तोच मोकळा हात डायमध्ये जातो. शिफ्टच्या शेवटी, डोळे जड झाले असताना, ओव्हरटाइमच्या तिसऱ्या तासाला.

समजा, तीस वर्षांच्या, १८,००० रुपये पगाराच्या ऑपरेटरची एका हाताची दोन बोटे गेली. नुकसानभरपाईच्या जुन्या कायद्याच्या परिशिष्टात दोन बोटांसाठी कमाईची क्षमता २० टक्के घटली असे धरतात. ऑपरेटर ईएसआयमध्ये नसेल तर हिशेब असा होतो : पगार कितीही जास्त असला तरी २०२० पासून १५,००० रुपयेच धरायचे, त्याचे ६० टक्के म्हणजे ९,०००, त्याला तिशीच्या वयाचा गुणक २०७.९८, आणि त्याचे २० टक्के. रक्कम येते ३ लाख ७४ हजारांच्या वर. ही एकरकमी रक्कम मालकाने स्वतः द्यायची. त्यासाठी त्याने वेगळा विमा उतरवला नसेल तर ती थेट त्याच्या धंद्यातून जाते. उशीर केला तर व्याज आणि दंड वेगळा. मृत्यू झाला असता तर आकडा साडेपंधरा लाखांच्या पुढे गेला असता. बारा माणसांच्या शेडला हे परवडत नाही, म्हणून तडजोड होते. रुग्णालयाचे बिल मालक भरतो, वर वीस-पंचवीस हजार हातावर ठेवतो आणि माणूस गावी जातो.

तोच ऑपरेटर ईएसआयमध्ये असेल तर जखम भरेपर्यंत पगाराच्या ९० टक्के, म्हणजे दिवसाला ५४० रुपये मिळतात. त्यानंतर वैद्यकीय मंडळ अपंगत्वाचे प्रमाण ठरवते. ते २० टक्के ठरले तर महिन्याला ३,२४० रुपये सुरू होतात आणि आयुष्यभर मिळत राहतात. उद्या तो दुसरीकडे नोकरीला लागला, बढती मिळाली, तरी ते थांबत नाहीत. अपघातासाठी किती दिवस वर्गणी भरली हे पाहिले जात नाही, कामावरचा पहिला दिवस असला तरी हक्क आहे. आणि अशा विमाधारक कामगाराला त्याच अपघातासाठी मालकाकडून वेगळी भरपाई मागता येत नाही, असा कायद्याचा दंडक आहे. वागळे इस्टेटमधल्या किंवा वाळूजमधल्या लहान मालकाने हे शेवटचे वाक्य दोनदा वाचावे. महिन्याला ५८५ रुपयांत त्याच्या डोक्यावरची लाखोंची जोखीम दुसऱ्याने उचलली आहे.

अट एकच. नाव वेळेवर चढले पाहिजे.

घोडे इथेच अडते. ‘आधी महिनाभर बघू, टिकला तर नाव घालू’ हे वाक्य औद्योगिक वसाहतीत रोज ऐकू येते. नवा माणूस लागतो, मस्टरवर येतो किंवा येतही नाही, आधार कार्डाची झेरॉक्स खणात पडून राहते आणि ईएसआयच्या पोर्टलवर नोंद होत नाही. मग अपघात होतो, आणि जखमी माणूस रुग्णालयाच्या वाटेवर असताना कार्यालयात कोणीतरी घाईघाईने त्याचा आयपी नंबर, म्हणजे विमा क्रमांक, काढायला बसतो. वाहन उद्योगातल्या जखमी कामगारांसाठी मानेसर, फरिदाबाद आणि पुणे परिसरात काम करणाऱ्या ‘सेफ इन इंडिया’ या संस्थेने आपल्या अहवालांत हे पुन्हापुन्हा नोंदवले आहे : पुष्कळ जखमी कामगारांना ईएसआयचे कार्ड मिळते ते अपघातानंतर. बोट गेल्यावर कार्ड येते, मग ब्रँच ऑफिसात नोंदणीची वेळ आणि अपघाताची वेळ यांचा मेळ बसत नाही, चौकशी लागते, आणि कामगार पट्टी बांधलेल्या हाताने हेलपाटे घालतो.

कायदा कामगाराच्या बाजूने आहे, हे इथे ठामपणे सांगायला हवे. भारगथ इंजिनिअरिंग विरुद्ध आर. रंगनायकी या प्रकरणात २००२ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की ज्याच्यासाठी वर्गणी ‘देय’ आहे तो विमाधारकच आहे. मालकाने ती भरली नाही, म्हणून योजना चालवणाऱ्या कर्मचारी राज्य विमा महामंडळाला हात झटकता येत नाहीत. महामंडळाने कामगाराला लाभ द्यावा आणि कसूर करणाऱ्या मालकाकडून वसूल करावे, अशी व्यवस्था आहे. म्हणजे नाव न चढवून मालकाचा एक रुपयाही वाचत नाही, उलट अंगावर येते. पण हक्क असणे वेगळे आणि तो सिद्ध करता येणे वेगळे. हजेरीची नोंद नाही, पगार रोखीत, नेमणुकीचे पत्र नाही, अशा माणसाने आपण तिथे कामाला होतो हे कशाने दाखवायचे?

कामावर येण्याजाण्याच्या वाटेवरच्या अपघाताची कथाही अशीच बोलकी आहे. जून १९७१ मध्ये एक कामगार सायकलवरून कामावर निघाला होता. साडेचारची पाळी. सव्वाचार वाजता, कारखान्यापासून किलोमीटरभर अंतरावर, त्याला लॉरीची धडक बसली. हा अपघात कामाशी निगडित मानायचा का, यावरचा वाद सर्वोच्च न्यायालयात १९९६ साली संपला आणि निकाल कामगाराच्या विरोधात गेला : कारखान्याबाहेरच्या रस्त्यावरचा अपघात नोकरीतला नव्हे. पंचवीस वर्षांची लढाई वाया गेल्यासारखी वाटली. पण २०१० साली संसदेने कायद्यात दुरुस्ती केली आणि घर ते काम या वाटेवरचा अपघात नोकरीतलाच मानला. आज चाकणहून रात्रपाळी संपवून दुचाकीवर घरी निघालेल्या मुलाला ट्रकने उडवले तर त्याला ईएसआयचे संरक्षण आहे. कित्येक मालकांना आणि कामगारांना हे माहीत नसल्यामुळे असा दावा दाखलच होत नाही.

अपघात डोळ्यांना दिसतो. आजार दिसत नाही, पण घर पोखरतो. आजारपणात पगाराच्या ७० टक्के रक्कम वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मिळते. त्यासाठी सहा महिन्यांच्या वर्गणीकालात निदान ७८ दिवसांची वर्गणी लागते. एप्रिल ते सप्टेंबरच्या वर्गणीचा लाभ पुढच्या जानेवारी ते जूनमध्ये, आणि ऑक्टोबर ते मार्चचा जुलै ते डिसेंबरमध्ये. क्षय, कर्करोग यांसारख्या ठरावीक ३४ दीर्घ आजारांत, पुरेशी नोकरी झालेल्या कामगाराला पगाराच्या ८० टक्के रक्कम दोन वर्षांपर्यंत मिळू शकते. कोल्हापूरच्या फाउंड्रीत वाळूची बारीक धूळ फुप्फुसात बसते, यंत्रमागावर कापसाची. सिलिकोसिस आणि बिसिनोसिस हे व्यवसायजन्य आजार कायद्याच्या परिशिष्टात आहेत आणि त्यांना अपघाताइतकेच संरक्षण आहे. मात्र तो माणूस अमुक वर्षे अमुक खात्यात होता हे सांगणारा कागद लागतो. दर सहा महिन्यांनी ब्रेक देऊन नव्या ठेकेदाराच्या नावावर चढवलेल्या, एकाच माणसाचे तीन-तीन आयपी नंबर निघालेल्या कामगाराकडे तो कागद नसतो. खरे तर विमा क्रमांक एकदा मिळाला की आयुष्यभराचा असतो. नोकरी बदलली तरी तोच पुढे चालवायचा असतो.

ठेकेदाराचा मुद्दा निघालाच आहे, तर तोही मिटवू. ‘माणसे माझी नाहीत, ठेकेदाराची आहेत’ हे उत्तर ईएसआयमध्ये चालत नाही. ठेकेदाराने वर्गणी भरली नाही तर मुख्य मालकाने भरायची आणि ठेकेदाराच्या बिलातून वळती करायची. म्हणून ठेकेदाराचे बिल पास करण्याआधी त्याच्या ईएसआय चलनाची प्रत मागणे आणि तिच्यातली नावे गेटवरच्या हजेरीशी ताडून पाहणे, ही पाच मिनिटांची सवय प्रत्येक लहान उद्योगाने लावून घ्यावी.

बाळंतपणाच्या बाबतीत लहान उद्योजक स्वतःचे आणि बाईचे, दोघांचेही नुकसान करून घेतो. मातृत्व लाभाच्या कायद्याप्रमाणे दहा किंवा अधिक माणसे असलेल्या ठिकाणी २६ आठवड्यांची भरपगारी रजा द्यावी लागते आणि तो पगार मालकाच्या गल्ल्यातून जातो. या धास्तीने तरुण, नव्याने लग्न झालेल्या मुलींना नोकरीच नाकारली जाते. पण ती ईएसआयमध्ये असेल तर २६ आठवड्यांचा पूर्ण पगार महामंडळ देते. त्यासाठी आधीच्या दोन वर्गणीकालांत ७० दिवसांची वर्गणी पुरते. सोलापूरच्या टॉवेल कारखान्यात किंवा एखाद्या गारमेंट युनिटमध्ये बाईला घेताना मालकाला घाबरण्याचे कारणच उरत नाही. ज्याने तिचे नाव वेळेवर चढवले, त्याला फक्त तिची जागा राखून ठेवायची असते. बाळंतपणाच्या किंवा आजारपणाच्या लाभावर असलेल्या माणसाला कामावरून काढणे हा गुन्हा आहे.

मालकाची दुसरी तक्रार कायद्यांच्या गर्दीची असते. तिच्यात तथ्य आहे. महाराष्ट्रातल्या पंचवीस माणसांच्या शेडला वर्षभरात काय काय सांभाळावे लागते ते पाहावे. ईएसआयची वर्गणी पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत, उशिरावर वर्षाला १२ टक्के व्याज. वीस माणसे झाली की भविष्यनिर्वाह निधी, त्याचीही तारीख १५. महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये व्यवसाय कर, त्यात २५,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या स्त्रियांना सूट. जून आणि डिसेंबरला कामगार कल्याण निधी, २०२४ पासून कामगाराचे २५ आणि मालकाचे ७५ रुपये. दहा माणसे असली की लैंगिक छळ प्रतिबंधाच्या २०१३ च्या कायद्याखाली अंतर्गत समिती, तिच्या प्रमुखपदी स्त्री, निम्म्याहून कमी नाहीत इतक्या स्त्री सदस्य आणि एक सदस्य बाहेरचा. समिती नसली तर ५०,००० रुपयांपर्यंत दंड. यादी लांबलचक आहे, पण तिचा मुळारंभ एकाच कागदात आहे. हजेरी आणि पगाराची खरी नोंद असेल तर बाकीची चलने त्यातूनच निघतात. नोंद खोटी असेल तर प्रत्येक खात्यासाठी वेगळे खोटे सांभाळावे लागते. वैताग येतो तो या दुसऱ्या प्रकाराचा.

खोट्या नोंदीचे सगळ्यांत ठळक रूप म्हणजे नऊ नावांचे मस्टर. दहाव्या माणसाला ईएसआयचा कायदा लागतो, म्हणून शेडमध्ये सोळा माणसे आणि कागदावर नऊ. किंवा एकाच छताखाली भावाच्या, बायकोच्या, मुलाच्या नावाने तीन फर्म, प्रत्येकीत पाच-सहा. इचलकरंजीसारख्या गावात हे सर्रास चालते. याला मालकाचा स्वार्थ एवढेच कारण नाही. कायद्याने आखलेली रेघही याला हातभार लावते, कारण नवव्या माणसापर्यंत ईएसआय नाही आणि दहाव्याबरोबर सगळ्यांची वर्गणी एकदम येते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत यावर थोडा उपाय आहे. दहापेक्षा कमी माणसांच्या आस्थापनेला स्वेच्छेने ईएसआयमध्ये येता येते, आणि सरकारने अधिसूचित केलेल्या धोकादायक प्रक्रियेत एक कामगार असला तरी योजना लावता येते. दुकानांसाठी महाराष्ट्रात बराच काळ वीस माणसांची वेगळी अट होती. संहितेने सर्वांना दहाची एकच रेघ आणली. प्रत्येकाला नेमणुकीचे पत्र देणे आता बंधनकारक आहे, आणि ४० वर्षांवरच्या कामगारांच्या वार्षिक मोफत आरोग्य तपासणीची जबाबदारीही आली आहे.

जुन्या थकबाकीच्या भीतीने नोंदणी टाळणाऱ्यांसाठी महामंडळाने १ जुलै २०२५ पासून ‘स्प्री’ ही सवलत योजना आणली. तिच्या मुदतीत स्वतःहून पुढे आलेल्या मालकाकडून मागील काळाची वर्गणी मागायची नाही, तपासणीही नाही, असे तिचे स्वरूप होते. अशा योजनांची बातमी वसाहतीतल्या शेवटच्या शेडपर्यंत पोहोचवणे हे उद्योजक संघटनांचे काम आहे.

मालकांना जितके सांगायचे तितकेच सरकारलाही सांगितले पाहिजे. ईएसआयची २१,००० रुपयांची पगारमर्यादा १ जानेवारी २०१७ ची आहे. इतक्या वर्षांत भाडी वाढली, किराणा वाढला, पगारही थोडेफार वाढले, मर्यादा तिथेच थांबली. त्यामुळे २०,८०० रुपयांवरून २१,३०० वर गेलेल्या फिटरला पगारवाढीचा आनंद होत नाही. चालू वर्गणीकाल संपला की तो, त्याची मधुमेही आई आणि शाळेतली मुले योजनेबाहेर. पाचशे रुपयांच्या वाढीत त्याला बाहेरची औषधेही घेता येत नाहीत. म्हणून कामगारच मालकाला सांगतो, ‘साहेब, पगार कागदावर कमीच दाखवा.’ मर्यादा पगारवाढीशी जोडली असती तर या खोटेपणाला जागाच उरली नसती.

रुग्णालयांचेही तसेच. चिंचवडचे मोहननगर, पुण्याचे बिबवेवाडी, मुलुंड, वरळी, सोलापूर, नागपूर अशा ठिकाणी कामगारांच्या वर्गणीतून मोठ्या इमारती उभ्या राहिल्या. पण तज्ज्ञ डॉक्टरांची पदे रिकामी, औषध ‘बाहेरून आणा’ आणि परताव्यासाठी महिनोन्‌महिने थांबा, हा अनुभव कामगारांना नवा नाही. १७ डिसेंबर २०१८ रोजी अंधेरीच्या कामगार रुग्णालयाला आग लागली आणि उपचारासाठी आलेली माणसे प्राणाला मुकली. पगारातून पाऊण टक्का नियमाने देणाऱ्याला सुरक्षित इमारत, हजर डॉक्टर आणि खिडकीवर औषध मिळणे ही मेहेरबानी नव्हे. वैद्यकीय खर्चाचा आठवा हिस्सा राज्य सरकारचा असतो, तेव्हा जाब दिल्लीबरोबर मुंबईलाही विचारायला हवा. सेवा वाईट आहे म्हणून नाव चढवायचे नाही, हा युक्तिवाद मात्र चुकीचा आहे. दवाखान्यात रांग असली तरी अपघाताचे निवृत्तिवेतन आणि बाळंतपणाचा पगार थेट बँक खात्यात येतो.

आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. ‘सीटीसी’च्या, म्हणजे कंपनीला पडणाऱ्या एकूण खर्चाच्या, नावाखाली मालकाचा सव्वातीन टक्क्यांचा वाटाही कामगाराच्या पगारातून कापण्याची पद्धत काही ठिकाणी रुळली आहे. कायद्याने याला बंदी आहे. त्याहून गंभीर म्हणजे कामगाराचा वाटा कापून घ्यायचा आणि भरायचाच नाही. कापलेली रक्कम ही मालकाकडे विश्वासाने सोपवलेली ठेव आहे, असे कायदा म्हणतो, आणि ती न भरणाऱ्याला कैदेची तरतूद आहे.

वाट दिसत नाही असे नाही. एका शेडला पूर्ण वेळ माणूस परवडत नाही, पण वसाहतीतल्या तीस शेडना मिळून एक जाणकार कारकून सहज परवडतो. औद्योगिक संघटनेच्या कार्यालयात त्याचे एक टेबल असावे. नवा कामगार आला की त्याच दिवशी तिथे आधार कार्ड आणि बँक पासबुक घेऊन जायचे, आयपी नंबर काढायचा, कुटुंबाची नावे घालायची. बायकामुले लातूरला किंवा गयेला राहत असतील तर त्यांच्यासाठी तिथला दवाखाना निवडायचा. ही सोय योजनेत आहे, ती वापरली जात नाही. त्याच टेबलावर अपघाताची वही असावी. अपघात झाल्यावर चोवीस तासांत अपघाताची माहिती देणारा फॉर्म १२ ईएसआयच्या ब्रँच ऑफिसला गेलाच पाहिजे, हे त्या कारकुनाचे काम. लेबर कन्सल्टंटनेही दरमहा मालकाला नुसता चलनाचा आकडा न सांगता नावांची यादी छापून हातात द्यावी. कामगाराने पहिल्या पगाराच्या पावतीवर आपला विमा क्रमांक आहे का ते पाहावे, नसेल तर विचारावे आणि मिळेपर्यंत विचारत राहावे.

मोठ्या कंपन्यांचीही जबाबदारी आहे. त्यांच्या गाड्यांचे सुटे भाग याच शेडमध्ये घडतात. पुरवठादाराकडून भागाच्या मोजमापाचा दाखला मायक्रॉनपर्यंत मागणाऱ्या कंपनीने त्याच बिलाबरोबर त्या महिन्याची ईएसआय यादी आणि प्रेसवरच्या सुरक्षा सोयींचा तपासणी अहवालही मागावा. ज्या दिवशी खरेदी विभाग तो कागद मागू लागेल, त्या दिवसापासून तो तयार होऊ लागेल.

सभागृहातल्या उद्योजक बंधुभगिनींना एवढीच विनंती. उद्या सकाळी शेड उघडल्यावर आत काम करणारी माणसे मोजा, मग मागच्या महिन्याच्या चलनातली नावे मोजा. दोन्ही आकडे जुळले नाहीत, तर राहिलेली नावे उद्याच चढवा.